टॉप गिअरला गाडी किती पळते?

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. आपल्या आठवणी बहुतेक सारख्याच आहेत. चिंचेचं झाड, शनिवारची सकाळची शाळा, कवायत, कृष्णेच्या घाटावर केलेली डबापार्टी. त्या बाकीचे लिहितीलच आणि माझ्यापेक्षा चांगल्या लिहितील. मला एक राहिलेला हिशेब पुरा करायचा आहे. तो फळ्यावरचा आहे, मोटरसायकलचा आहे आणि चुकता करायचा राहिला आहे तो माझ्याकडून. त्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. सर, बाई आणि मित्रमैत्रिणींनो, तेवढी पानं सहन करा.

१९९५ चा डिसेंबर असावा. आपण दहावीत होतो, सराव परीक्षा तोंडावर आली होती. गणिताच्या सरांची काळी येझदी आठवते ना? दोन सायलेन्सरवाली. किक मारून झाली की तोच दांडा वळवून त्यानंच गिअर टाकायचे, याचं आपल्याला फार अप्रूप होतं. सर ती चिंचेखाली लावायचे आणि मधल्या सुट्टीत मुलं तिच्याभोवती कोंडाळं करायची. त्या दिवशी वाद रंगला होता, टॉपला ही गाडी किती पळते? कोणी म्हणे शंभर, कोणी म्हणे एकशेवीस. मीटरवरचा शेवटचा आकडा जो आहे तेवढी जाणारच, नाहीतर कंपनीनं तो छापला कशाला, असंही एकाचं म्हणणं होतं.

सरांनी ते ऐकलं असणार. तास सुरू झाल्यावर पुस्तक न उघडता त्यांनी फळ्यावर उदाहरण लिहिलं. "एका मोटरसायकलचं इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेतं. टॉप गिअरमध्ये इंजिनाचे ५ फेरे झाले की मागच्या चाकाचा १ फेरा होतो. चाकाचा परीघ २ मीटर आहे. तर गाडीचा ताशी वेग किती?" आकडे सोपे व्हावेत म्हणून मनानं घेतलेत, येझदीचे नाहीत, असंही ते म्हणाले.

मी पहिला हात वर केला. ६००० भागिले ५, चाकाचे १२०० फेरे. गुणिले २, म्हणजे मिनिटाला २४०० मीटर. गुणिले ६०, म्हणजे तासाला १४४ किलोमीटर. सर "शाब्बास" म्हणाले. मी खाली बसते तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "जाणार न्हाई सर."

तो आपला मित्र शाळा सुटल्यावर मामाच्या गॅरेजवर जायचा, हे तुम्हाला माहीत आहे. नाव लिहू नको, असं त्यानं मला बजावलं आहे, म्हणून लिहीत नाही. तुम्ही ओळखालच. सर म्हणाले, "काय रे, कुठं चुकलं?" तो म्हणाला, "हिशेब चुकला न्हाई सर. पण हिशेबात बसली म्हणून गाडी जात न्हाई. वारं समोरून असलं की चौथ्यापेक्षा तिसऱ्यात जास्त पळती."

वर्ग हसला. आणि मी, जिचा मोटरसायकलचा अनुभव बाबांच्या बिनगिअरच्या लुनाच्या मागच्या सीटपलीकडे गेलेला नव्हता, ती मी मोठ्यानं म्हणाले, "मग पहिल्यात टाक, विमानच होईल!" त्यावर तर वर्ग डोक्यावर घेतला गेला. तेवढ्यात घंटा झाली. सरांनी फळा पुसला. तो पुन्हा कधी वर्गात उठून काही बोलल्याचं मला आठवत नाही.

आता इतिहासाकडे येते. माझ्या त्या उत्तरात गुणाकार-भागाकाराची चूक शोधून सापडणार नाही. गिअर, चेन आणि चाक हे दात्यांनी आणि कड्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. इंजिन ६००० फेरे घेत असेल तर गाडी १४४ नं जाईलच, दुसरा मार्गच नाही. गोम आहे ती उदाहरणाच्या पहिल्या वाक्यात. "इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेतं." घेतं, की टॉप गिअरमध्ये त्याला ते घेता येतात? शंभर-सव्वाशे वर्षं वेगाच्या मागं लागलेली माणसं या एकाच प्रश्नाशी झगडत होती.

पहिली गोष्ट १९०७ ची. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमंड्सपोर्ट गावी ग्लेन कर्टिस नावाचा माणूस होता. शाळा आठवीपर्यंत. सायकलींच्या धंद्यातून तो मोटरसायकलींकडे वळला आणि पुढे विमानं बनवून जगप्रसिद्ध झाला. हवाई वाहनांसाठी इंजिनं बनवण्याच्या उद्योगात त्यानं आठ सिलेंडरचं, सुमारे ४४०० सीसीचं इंजिन तयार केलं होतं. आपल्या आजच्या बहुतेक मोटारींत एवढं इंजिन नसतं. हे धूड त्यानं एका लांबलचक मोटरसायकलीच्या सांगाड्यात बसवलं. त्याला गिअरबॉक्स नव्हता. इंजिनातून निघालेला दांडा सरळ मागच्या चाकाला जोडलेला होता. टॉप गिअर म्हणा की पहिला म्हणा, तो एकच. २४ जानेवारी १९०७ ला फ्लोरिडातल्या ऑर्मंडच्या वाळूच्या किनाऱ्यावर त्यानं एक मैल २६.४ सेकंदात कापला, म्हणजे ताशी १३६.३६ मैल, आपले सुमारे २१९ किलोमीटर. परत येताना तो दांड्याचा सांधाच तुटला, त्यामुळे दुसरी फेरी झाली नाही आणि विक्रम अधिकृत ठरला नाही. पण त्या काळी जमिनीवर इतक्या वेगानं दुसरं कोणी गेलेलं नव्हतं.

बरोबर तीस वर्षांनी, मार्च १९३७ मध्ये, त्याच फ्लोरिडात डेटोनाच्या किनाऱ्यावर जो पेट्राली यानं हार्ले-डेव्हिडसनवर ताशी १३६.१८३ मैलांचा अमेरिकन विक्रम केला. आकडे पुन्हा बघा. तीस वर्षांत वेग जवळजवळ तेवढाच. पण पेट्रालीचं इंजिन १००० सीसीच्या आसपास होतं, कर्टिसच्या चौथाईपेक्षाही कमी. इंजिन खूप सुधारलं होतं, तरी गाडी तिथंच येऊन थांबली. दोघांच्या छातीवर जी भिंत आपटत होती ती हवेची.

हे मला कळायला इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष उजाडलं. कराडला मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही मोजून चार मुली होतो. द्रवयांत्रिकीच्या तासाला सूत्र आलं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर अडथळा चौपट. आणि त्या अडथळ्याला ढकलत दुप्पट वेगानं जायचं, म्हणून इंजिनाला लागणारी ताकद आठपट. वेगाचा घन. ताशी १०० वरून ११० जायचं, म्हणजे वेगात फक्त दहा टक्के भर घालायची, तरी निव्वळ हवेसाठी ३३ टक्के जास्त ताकद हवी. वहीत हे उतरवून घेताना माझा पेन थांबला. मागच्या बाकावरून आलेलं "जाणार न्हाई सर" मला त्या वर्गात ऐकू आलं. पण तेव्हा परीक्षा होती, नंतर नोकरी होती. मी पान उलटलं.

हवेचा हा हिशेब कोणी किती गंभीरपणे घेतला, त्यावर मग विक्रम ठरत गेले. पेट्रालीच्या गाडीला वारा कापण्यासाठी बाहेरून पत्र्याची आवरणं केली होती, पण त्यांच्यामुळे गाडी अस्थिर होऊ लागली म्हणून ती काढून टाकावी लागली. त्याच १९३७ च्या नोव्हेंबरात जर्मनीत एर्न्स्ट हेन्नं यानं बीएमडब्ल्यूवर ताशी २७९.५ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. त्याचं इंजिन पेट्रालीच्या इंजिनाच्या निम्मं, जेमतेम ५०० सीसी. त्यात जास्तीची हवा कोंबणारा सुपरचार्जर होता हे खरं. पण गाडी आणि स्वार दोघंही गुळगुळीत कवचात बंद होते, हेही तितकंच खरं. तो विक्रम १९५१ पर्यंत टिकला.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण तिच्यातला नायक आपल्याच वयाचा आहे. रोली फ्री, वय ४७. अमेरिकेतल्या युटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं विस्तीर्ण वाळवंट आहे, भाकरीच्या तव्यासारखं सपाट. १३ सप्टेंबर १९४८ ला तिथं तो ९९८ सीसीची ब्रिटिश व्हिन्सेंट मोटरसायकल घेऊन उतरला. अंगात चामड्याचा पोशाख. वेग १४७ मैलांच्या आसपास जाई आणि तिथं अडे. वाऱ्यानं तो पोशाख फाटला. तेव्हा फ्रीनं तो काढूनच टाकला. पोहायची चड्डी, डोक्यावर आंघोळीची टोपी, पायात उसने कापडी बूट. गाडीवर पालथा पडला, पाय मागं सरळ लांब केले आणि निघाला. ताशी १५०.३१३ मैल, म्हणजे जवळजवळ २४२ किलोमीटर. त्याचा तो फोटो जगभर छापला गेला आहे. पाहिलात तर आधी हसू येतं, मग अंगावर काटा येतो, कारण खाली खरखरीत मीठ आहे.

फोटो सोडा, हिशेब बघा. तीच गाडी, तेच इंजिन, तोच टॉप गिअर, तेच दाते. फळ्यावरचं उदाहरण मांडलं तर दोन्ही वेळचं उत्तर एकच येईल. तरी गाडी जास्त पळाली. वेगाच्या घनाचा हिशेब लावला तर तेवढी चामडी आणि वाऱ्यात बसलेलं ते धड मिळून इंजिनाची सहा-सात टक्के ताकद खात होतं.

तिसरी गोष्ट न्यूझीलंडची. बर्ट मन्रो, इन्व्हरकार्गिलचा, शेतकरी घरातला. १९२० मध्ये त्यानं एक इंडियन स्काउट मोटरसायकल घेतली. नावावर जाऊ नका, ही "इंडियन" अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची कंपनी, आपल्या देशाशी तिचा संबंध नाही. ६०० सीसीची ती गाडी नवी असताना ताशी ५५ मैल, म्हणजे नव्वदच्या आत-बाहेर पळायची. पुढची जवळजवळ सगळी हयात त्यानं त्याच एका गाडीवर घालवली. पिस्टन स्वतः ओतायचा. कनेक्टिंग रॉड जाडजूड जुन्या लोखंडातून हातानं घासून काढायचा. फुटलेले, वितळलेले सुटे भाग फेकून न देता एका फळीवर मांडून ठेवायचा आणि त्या फळीवर त्यानं लिहिलं होतं की हा वेगाच्या देवाला दाखवलेला नैवेद्य आहे.

१९६२ मध्ये तो ती गाडी घेऊन बॉनव्हिलला गेला आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी आपल्या गटात ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम करून आला. १९६७ मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी, १००० सीसीखालच्या गटात १८३.५८६ मैलांचा. मूळच्या वेगाच्या साडेतीनपटीच्या जवळ. वेगाच्या घनानं बघितलं तर गाडीचा आकार तोच ठेवून एवढं जायला सदतीसपट ताकद लागली असती. इंजिन तर ६०० चं वाढवून साडेनऊशे सीसीच्या आसपासच नेलेलं. म्हणजे बाकीचं काम दोन गोष्टींनी केलं. एक, इंजिनाच्या आत वर्षानुवर्षं केलेली घासाघीस. दुसरी, गाडीभोवती चढवलेलं ते माशाच्या आकाराचं कवच, ज्याच्यात तो पालथा पडून शिरायचा.

असे विक्रम मोजताना एक नियम पाळतात. गाडी एकदा या दिशेनं पळवायची, एकदा उलट दिशेनं, आणि दोन्हींची सरासरी काढायची. एका दिशेला वारा पाठीशी असेल तर दुसऱ्या दिशेला तो समोरून येतो, म्हणून. आपला मित्र डिसेंबर १९९५ मध्ये जे सांगत होता, ते जगातल्या विक्रमांच्या नियमावलीतच लिहिलेलं होतं.

आणि ही सरासरी काढण्यातच मन्रोच्या बाबतीत चूक झाली. मन्रो १९७८ मध्ये गेला. पुढे त्याच्या मुलाच्या लक्षात आलं की १९६७ च्या नोंदीत आकडेमोड चुकली आहे. अमेरिकन मोटरसायकल संघटनेनं ते तपासलं आणि २०१४ मध्ये विक्रम दुरुस्त केला. १८३.५८६ ऐवजी १८४.०८७ मैल, म्हणजे ताशी २९६.२६ किलोमीटर. अर्ध्या मैलाचा फरक. सत्तेचाळीस वर्षांनी, माणूस हयात नसताना. हे मी गेल्या वर्षी रात्री बारा वाजता वाचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या मित्राचा नंबर शोधला.

त्याआधी त्याचं म्हणणं नीट समजून घ्यायचं होतं, कारण तिसऱ्या गिअरचा मुद्दा अजून राहिला होता. गिअर इंजिनाची ताकद वाढवत नाही. आहे ती ताकद जोर म्हणून द्यायची की वेग म्हणून, एवढंच तो ठरवतो. आणि इंजिन सगळ्या फेऱ्यांवर सारखी ताकद देत नाही. समजा आपल्या उदाहरणातलं इंजिन ५५०० फेऱ्यांच्या आसपास सगळ्यात ताकदवान आहे. ताशी १०० नं चौथ्यात चाललो आहोत, तेव्हा ते फक्त ४१६७ फेरे घेतंय. तिथं त्याची ताकद कमी. समोरून वारा आला, चढ लागला, तर ते आणखी खाली जातं, ताकद आणखी घटते आणि गाडी मरते. आता तिसरा टाका. तिथं इंजिनाचे साडेसहा फेरे म्हणजे चाकाचा एक, असं धरू. त्याच १०० च्या वेगाला इंजिन ५४१७ फेरे घेईल, म्हणजे आपल्या जोमात असेल. जास्त ताकद मिळेल आणि काटा वर सरकेल. चौथ्यापेक्षा तिसऱ्यात जास्त पळते, ती अशी. त्याचं वाक्य शब्दशः बरोबर होतं. पहिल्यात टाकून विमान का होत नाही, तेही ह्यातच आलं. तिथं फळ्यावरचं उदाहरण आडवं येतं. इंजिनाचे फेरे संपतात आणि वेग तिथंच बांधला जातो.

म्हणजे "टॉपला किती पळते" याची उत्तरं दोन. एक दात्यांचं, एक वाऱ्याचं. त्यातलं जे लहान, तेवढीच गाडी जाते. चांगला मिस्त्री दोन्ही उत्तरं जुळतील असे दाते बसवतो. आज अधिकृत जागतिक विक्रम ताशी ६०५.७ किलोमीटरचा आहे, २०१० मध्ये त्याच बॉनव्हिलवर रॉकी रॉबिन्सननं दोन सुझुकी हायाबुसा इंजिनं बसवलेल्या बंद नळकांड्यासारख्या गाडीवर केलेला. तिथंही हेच दोन हिशेब जुळवावे लागले.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. आमच्याकडेही कागदावर मिनिटाला एवढ्या मागण्या पेलतील असं लिहिलेलं असतं आणि पगाराच्या दिवशी सगळे एकदम आले की यंत्रणा बसते. तेव्हा रात्रपाळीला असणारा पोरगा सांगतो, "मॅडम, हे तिथं अडतंय." वीस वर्षांच्या नोकरीत मी त्या पोरांचं आधी ऐकून घ्यायला शिकले. कागद नंतर उघडते. फक्त ज्याचं पहिल्यांदा ऐकायला हवं होतं, त्याचं राहून गेलं होतं.

फोन केला. गॅरेजचा आवाज मागं येत होता. मी सगळं सांगितलं, कर्टिस, फ्री, मन्रो, घन, सगळं. तो शांतपणे ऐकून घेत होता. मग म्हणाला, "आपल्याकडं दुधाची गाडी येती बघ, पसरणीचा घाट चढणारी. दोन्हीकडं कॅन. तिला मागचं स्प्रॉकेट दोन दात्यांनी मोठं बसवून दिलं. कागदावर तिची टॉप कमी झाली. पण घाटात आधीपेक्षा लवकर वर जाती." म्हणजे मी जे तीन पानांत लिहिलं ते त्यानं एका दूधवाल्यात सांगितलं.

मी म्हणाले, "त्या दिवशी मी जे बोलले, त्याबद्दल मला वाईट वाटतं." तो जरा वेळ गप्प राहिला. "विमानाचं ना? आठवतंय मला," म्हणाला. मग त्यानं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं, तुम्हालाही नसेल.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सरांनी त्याला चिंचेखाली थांबवलं. "बस मागं," म्हणाले. सुरूरच्या रस्त्याला निघाले. वारा समोरून होता. सर गाडी चालवत होते आणि खांद्यावरून मीटर वाचायचं काम याचं. चौथ्यात पूर्ण मूठ पिळूनही काटा पंचाहत्तरच्या पुढं हलेना. सरांनी तिसरा टाकला, काटा ऐंशीला टेकला. परत फिरले, तेव्हा वारा पाठीशी आला, आणि चौथ्यात गाडी कितीतरी सहज त्याच्या पुढं गेली. म्हणजे दोन्ही दिशांनी पळवून बघितलं होतं, बॉनव्हिलसारखं. सर उतरले आणि म्हणाले, "तुझं बरोबर आहे. उद्या वर्गात तू सांग." हा म्हणाला, "नको सर, पोरं परत हसतील." सर म्हणाले, "मग मी सांगतो." त्यालाही यानं नको म्हटलं.

सर, तो हिशेब तुमच्याकडून अर्धा राहिला, असं मी तीस वर्षं समजत होते. तुम्ही तो दुसऱ्याच दिवशी रस्त्यावर जाऊन पुरा केला होता. ज्याच्यासाठी करायचा त्याच्यासाठी केला, आणि त्यानं सांगू नका म्हटल्यावर शब्द पाळला. आमच्यापर्यंत तो पोचला नाही, कारण आम्ही हसलो होतो. पहिला हात वर करणारी आणि सगळ्यात मोठ्यानं बोलणारी मीच होते, तेव्हा त्यातला मोठा वाटा माझा.

फोन ठेवण्याआधी मी त्याला विचारलं, स्मरणिकेत लिहू का? "लिही की," म्हणाला. "माझं नाव नको. तिसऱ्या गिअरचं नीट लिही, पोरं अजून टॉप टाकून घाटात गाडी रडवत्यात."

मन्रोची नोंद दुरुस्त व्हायला सत्तेचाळीस वर्षं लागली. आपली तीस वर्षांत होते आहे आणि सुदैवानं सगळे हजर आहेत. म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांनी आपापल्या डोक्यातल्या वहीत एवढी दुरुस्ती करून घ्यावी. दहावी, डिसेंबर १९९५, गणिताचा तास. माझं उत्तर, ताशी १४४ किलोमीटर, हे दात्यांपुरतं बरोबर. मागच्या बाकावरून आलेलं उत्तर गाडीसकट बरोबर. त्या प्रश्नाचे पूर्ण गुण त्याचे.

मेळाव्याच्या दिवशी तो येणार आहे, सरही येणार आहेत. त्या तासाला घंटा झाली आणि बोलणं अर्धं राहिलं. या वेळी आपल्याकडे अख्खा दिवस आहे. त्याला आधी बोलू द्या.